वरच्या ढिगाखालचे आमचे हे

टौरंगा, मे २००७

प्रिय अहो,

मेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांतली मी नव्हे. पण गेला आठवडाभर तुम्ही माझ्यासमोर डायनिंग टेबलावर आहात, स्टीलच्या डब्यात, एका बाजूला लिंबाचं लोणचं आणि दुसऱ्या बाजूला टीव्हीचा रिमोट. समोर बसलेल्या माणसाशी न बोलता राहणं मला आयुष्यात जमलं नाही. मोठ्यानं बोलले तर मंजिरी घाबरून डॉक्टरांची वेळ घेईल. म्हणून लिहिते.

तुम्हाला मी डोंगरावर दगडांच्या ढिगाखाली ठेवलं होतं, तुम्ही सांगितलं होतं तस्सं. तिथून परत का आणलं, आणि उद्या कुठे न्यायचं, हे तुम्हाला कळायलाच हवं. पण सगळं क्रमानं सांगणार. तुम्हीच म्हणायचात ना, वरचा थर नीट काढल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही?

तर वरचा थर म्हणजे आपलं लग्न. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी पचमढीला नेतो म्हणालात आणि नेलंत नागपूरबाहेरच्या उघड्या माळावर. मोठमोठे दगड गोल मांडलेले, मधे गोट्यांचा उंचवटा. “हे शिलावर्तुळ,” तुम्ही हळू आवाजात म्हणालात, जणू आपण देवळात आलोय. “खाली कोणीतरी तीन हजार वर्षं झोपलेलं आहे, मालू.” मी म्हटलं, नशीबवान आहे. तुमच्या घरी मला सहाच्या पुढे कोणी झोपू देत नाही.

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, मेलेली माणसं शांत पडून राहतात आणि शेवटच्या निवाड्याच्या दिवशी देव त्यांना उठवतो. तुम्ही देवाची वाट पाहिली नाहीत. सरकारी जीप, मजूर आणि ब्रश घेऊन तुम्ही त्यांना भल्या पहाटेच उठवायला जायचात. तुमचं खातं पुरातत्त्व, माझं टेलिफोन. मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून जिवंत माणसं एकमेकांना जोडून द्यायची, आणि घरचं माणूस मेलेल्यांच्या मागे. सुट्टीच्या दिवशी माळावर मोजमापाच्या टेपचं दुसरं टोक धरून कोण उभं राहायचं? वाऱ्यात पदर सांभाळत? जाऊ दे. आज भांडायचं नाही असं ठरवून बसले आहे. पाहू किती वेळ टिकतं.

आपण लेकीकडे राहायला आलो, तेव्हाचा ऑकलंडच्या विमानतळावरचा प्रसंग विसरला नसालच. माझ्या बॅगेतले बेसनाचे लाडू त्यांनी उलटसुलट करून सोडले, पण तुमचे बूट धरले. विदर्भातल्या सगळ्या माळांची माती त्या तळव्यांच्या खाचांत बसली होती आणि निवृत्तीनंतरही तुम्ही ती काढू दिली नव्हती. एका चुणचुणीत मुलीनं हातमोजे घालून ते बूट औषधाच्या पाण्यानं घासले, पुसले आणि “वेलकम टू न्यू झीलंड” म्हणत तुमच्या हातात ठेवले. तुम्ही टौरंगा येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाहीत. जावई बिचारा मला विचारतोय, बाबांना प्रवास लागला का? मी म्हटलं, नाही रे, त्यांचा संग्रह धुतला गेला.

टौरंगात लोक समुद्रासाठी येतात. सुट्टीला सगळं गाव टॉग्ज आणि जँडल्स घालून, म्हणजे पोहायचे कपडे आणि सपाता घालून, वाळूवर पसरतं. त्यात तुम्ही एकटे समुद्राकडे पाठ करून उभे! कोणाला वाटायचं, यांचं पाण्याशी भांडण आहे. “मागे डोंगर बघ, मालू. उघडी उंच जागा, वारा, लांबचं दिसतं. अशाच जागी पुरतात माणसं.” हे कधी? तर नातीच्या वाढदिवसाला, केक कापायच्या आधी.

आणि मग तुम्हाला ते ढीग सापडले. कैमाईच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बॅरीच्या गायींच्या कुरणात. उतारावर दगडांचे सात ढीग, सगळ्यात वरचा सगळ्यात मोठा. मंजिरीला गाडी थांबवायला लावलीत आणि गुडघे दुखतात म्हणणारे तुम्ही तारेच्या कुंपणावरून पलीकडे गेलात.

बॅरी चारचाकी मोटरसायकलवरून आला. लाल चेहरा, ऐन थंडीत अर्धी चड्डी. तुम्ही त्याला विचारलंत, इथे कोणा माणसांना पुरलं आहे का? तो म्हणाला, नाही मित्रा, आजोबांनी कुरण साफ करताना निघालेले दगड आहेत. माझ्या मते विषय तिथेच संपला होता. पण गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, फेकलेले दगड कसेही पडतात. वरच्या ढिगाच्या बुडाशी मोठे दगड गोल लावलेत, ते कोणीतरी विचार करून लावलेत. मी म्हटलं, दगड घरंगळून गायीच्या पायावर पडू नयेत, एवढाच विचार असेल. तुम्ही काच खाली केलीत आणि घर येईपर्यंत वारा खात बसलात.

मग तुम्ही एका जाणकार बाईंना आणलंत. त्यांनी फोटो काढले, आणि फार सभ्यपणे सांगितलं की हे शेतातले दगड आहेत. इथल्या मूळ लोकांची दफनं असती तर आपण अशा गप्पा मारत इथे उभेही राहिलो नसतो. तुम्ही त्यांना थर्मासमधला चहा पाजलात आणि त्यांचंही ऐकलं नाहीत. पुढचे दोन उन्हाळे बॅरी तुम्हाला “प्रोफ” म्हणत राहिला, “स्वीट ॲज, खुशाल मोज हवं तेवढं,” म्हणत राहिला, आणि तुम्ही मोजत राहिलात. टेपचं दुसरं टोक कोणाकडे होतं, ते लिहीत नाही.

तुमच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, “मला नदीत सोडू नकोस, मालू. पाण्यात काही टिकत नाही. वरच्या ढिगाखाली ठेव. म्हणजे कधीतरी कोणाला तरी सापडेन.”

मी तेव्हा हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. नर्स चहा घेऊन आली आणि राहून गेलं.

इकडे मंजिरीनं नाशिकची तिकिटं काढली, गुरुजींशी फोनवर बोलून घेतलं. लेकीनं बापासाठी एवढं केल्यावर मी काय बोलणार? इथे अस्थी म्हणून हाडं देत नाहीत, पिठासारखी बारीक राख करून प्लॅस्टिकच्या खोक्यात देतात. ती घरात शांतपणे कपाटात असताना, एका दुपारी मी त्यातली थोडी काढून ठेवली. आमटीच्या वाटीनं काढली. ती वाटी मग टाकून दिली. मंजिरी ती अजून शोधते आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा एकच सापडला, त्यात तुम्हाला भरलं. राहिलेले तुम्ही मंजिरीबरोबर विमानानं नाशिकला गेलात.

आणि ती तिकडे असतानाच मी आमच्या ज्येष्ठांच्या क्लबच्या मिनीबसमधून धबधबा बघायला निघाले. बॅरीच्या फाटकाशी मळमळतंय म्हणून उतरले. परत येताना घ्या म्हटलं, मोकळ्या हवेत बरं वाटेल. कॉन्व्हेंटमध्ये याला पाप म्हणतात. अंगावर साडी, वर मंजिरीचा रेनकोट, पायात जावयाचे गमबूट. बॅरीच्या घराला कुलूप होतं. गायी मात्र सगळ्या माझ्यामागे रांगेनं वर आल्या. तुमच्या अंत्ययात्रेला क्रेमेटोरियममध्ये जेवढी माणसं होती, त्यापेक्षा जास्त गायी होत्या हो.

दगडांमधल्या एका फटीत डबा सरकवला, वर दगड लावायला घेतले आणि डब्यावर उन्हाची तिरीप पडली. नाव घातलेला डबा होता. “चि. सौ. कां. मालती हिस सौ. वत्सला हिजकडून सप्रेम भेट.” ज्या बहिणीशी तुम्ही सासऱ्यांच्या दिवसकार्यापासून बोलला नाहीत, तिचंच नाव! आयुष्यभर तुम्ही हळहळलात, की या थडग्यांत सगळं मिळतं, मडकी मिळतात, कुऱ्हाडी मिळतात, पण एक अक्षर मिळत नाही; एक अक्षर मिळालं तर कोण होते ते कळेल. आता तुमच्या थडग्यात ओळभर अक्षरं आहेत, आणि उद्या कोणी उकरलं तर तुम्ही वत्सलावन्सं ठराल. डबा बदलायला परत जाण्याइतका वेळ नव्हता. मिनीबसचा हॉर्न वाजत होता.

त्यानंतर दोन वर्षं सगळं शांत होतं. आणि गेल्या आठवड्यात बॅरीचा फोन. “मिसेस प्रोफ, कुरणात गोल्ड किवीफ्रूट लावतोय. मंगळवारी डिगर येऊन दगडांचे ढीग काढणार. प्रोफचं त्यांच्यावर हीप्स, म्हणजे ढीगभर प्रेम होतं, म्हणून म्हटलं, शेवटचं एकदा बघून जा.”

सबंध नोकरीत माझ्या हातून कधी रिसीव्हर पडला नाही. त्या दिवशी पडला.

म्हणजे बघा. जन्मभर दुसऱ्यांची थडगी उकरलीत, आणि आता तुमची पाळी आली! तीही ब्रशनं, थर सांभाळून नव्हे, एका घासात ट्रकभर दगड उचलणाऱ्या डिगरनं. तुम्ही भिंतीच्या भरावात जाणार, नाहीतर रस्त्याच्या खडीत. हसू यावं की रडू, तेच मला कळेना. आणि डोंगरावर बस जात नाही, मला गाडी येत नाही, आणि मळमळ पुन्हा पुन्हा होत नाही. मंजिरीला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ती नातीचा डबा भरत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली.

“म्हणजे मी नाशिकला अर्धेच बाबा नेले?”

“पाऊण,” मी म्हटलं. “उगीच वाढवून बोलू नकोस.”

“आई, गुरुजी म्हणाले होते, बाबा मुक्त झाले.”

“त्यांना मुक्त व्हायचं नव्हतं गं मंजू. त्यांना सापडायचं होतं.”

ती माझ्याशी बोलेना. पण शनिवारी सकाळी गाडी काढून दारात उभी राहिली. वाटेत एवढंच म्हणाली, की तिथून बाबांना घरी आणायचं आणि या वेळी सगळेच्या सगळे नाशिकला न्यायचे. मी खिडकीबाहेर बघत इंग्रजी वाक्य जुळवत होते.

बॅरीच्या स्वयंपाकघरात त्याची बायको हुइया होती. तुम्ही असताना ती कामावर असायची, म्हणून तुमची भेट राहिली. ती माओरी आहे, बांध्यानं भक्कम, आवाज आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टरचा. तिनं चहा केला, फेजोआ, म्हणजे इथली पेरूसारखी हिरवी फळं, कापून ठेवली. मी कपाला हात न लावता उभी राहिले आणि टेलिफोनच्या आवाजात म्हणाले, “मिस्टर बॅरी, कळवायला खेद वाटतो, की माझे यजमान तुमच्या जमिनीत आहेत.”

बॅरीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. “कुठेशी?”

मग मंजिरीनं कपाळावर हात मारून सगळं नीट समजावलं. बॅरी डोकं खाजवत राहिला. हुइया मात्र खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. “दोन वर्षं तो इथे आहे, आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस? त्याला तरी सांगितलंस का, हे घर कोणाचं आहे ते? बिचारा. दोन वर्षं पाहुणा दाराशी बसलाय आणि कोणी ये म्हटलं नाही.”

शाळा सोडल्यापासून मला या सुरात कोणी रागावलेलं नाही. मी सॉरी म्हटलं. हो, मी. मंजिरीला विचारा.

“कुठल्या ढिगाखाली?” बॅरीनं विचारलं.

“सगळ्यात वरच्या.”

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. “तो आम्ही काढत नाही,” बॅरी म्हणाला. “तो कोणीच काढणार नाही. तिथे ड्यूक आहे.”

म्हणजे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं! लेकीचा अबोला, हुइयाचा ओरडा, सगळं फुकट. पण ते दुःख करायला सवड मिळाली नाही, कारण मंजिरीनं विचारलं, ड्यूक कोण?

ड्यूक म्हणजे बॅरीच्या आजोबांचा घोडा, अहो. याच घोड्यानं कुरणातले सगळे दगड लाकडी घसरगाडीवरून ओढून बाजूला नेले. सहा ढीग असे झाले. मग घोडा म्हातारा होऊन मेला, तेव्हा आजोबांनी त्याला सगळ्यात उंच जागी पुरलं, बुडाशी मोठे दगड गोल लावले आणि त्यावर सातवा ढीग स्वतःच्या हातांनी रचला. म्हणे आठवडाभर घरात कोणाशी बोलले नाहीत.

मी बॅरीला विचारलं, मग हे प्रोफला का नाही सांगितलंस? दोन उन्हाळे तो माणूस तुझ्या कुरणात टेप घेऊन फिरत होता.

“त्यानं घोड्याचं कधी विचारलंच नाही,” बॅरी म्हणाला. “तो दर वेळी विचारायचा, माणसं पुरलीत का. माणसं नाहीत.”

अहो, तुम्ही! दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर मी समजू शकते. मंजिरी जन्मली त्या दिवशी मी नागपुरात दवाखान्यात आणि तुम्ही माळावर. माझ्या मैत्रिणींनी एक्स्चेंजमधून तालुक्याच्या पोस्टात लाइन लावली, शिपायाला सायकलवर पिटाळून तुम्हाला फोनवर बोलावलं आणि सांगितलं, मुलगी झाली. पलीकडून तुमचा आवाज आला, “इकडे घोडा सापडला!” सगळ्या एक्स्चेंजनं ऐकलं. तोंडावर तांब्याचा साज असलेला, धन्याशेजारी पुरलेला घोडा. मी घरी आल्यावर लोक पेढे मागायला यायचे आणि विचारायचे, मुलीचे की घोड्याचे? दर वाढदिवसाला मंजिरीला ती गोष्ट ऐकावी लागली, आणि दर वेळी गोष्टीत घोडा आधी आणि ती नंतर.

असा माणूस दोन वर्षं घोड्याच्या थडग्यावर उभा राहून विचारतो, इथे कोणी माणसं आहेत का?

आम्ही चौघं वर गेलो. दगडाला हात लावण्याआधी हुइया म्हणाली, त्याच्याशी बोल. तू आली आहेस हे त्याला कळू दे. मी म्हटलं, मला मंत्र येत नाहीत, मी कॉन्व्हेंटची, मला फक्त सिस्टरांच्या प्रार्थना येतात. ती म्हणाली, तुझ्या भाषेत बोल.

बोलले मग मी. पचमढीपासून सुरुवात केली. माझे जुने टूथब्रश कवट्या घासायला न्यायचात, ते काढलं. एकदा नवा नेलात, तेही काढलं. मधुमेह असून मोज्यांच्या कप्प्यात लपवलेली सुपारी आणि चिक्की काढली. मला इंग्रजी येतं म्हणून तुमचे सगळे अहवाल तपासायला लावलेत आणि आभारात माझं नाव ड्रायव्हरच्या खाली घातलंत, ते काढलं. बॅरीनं टोपी काढून छातीशी धरली होती. हुइयानं मान खाली घातली होती. वारा पडला होता. बॅरीचा कुत्रासुद्धा खाली बसला. मग मी म्हटलं, आणि एवढं सगळं करून वर आधी निघून गेलात, मला या देशात ठेवून, जिथे रविवारी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि भांडायला माणूस मिळत नाही. तिथे थांबले.

हुइयानं डोळे पुसले. “किती सुंदर प्रार्थना होती,” ती म्हणाली.

मंजिरी पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, ते मी विचारलं नाही.

बॅरीनं हळूच दोनचार दगड काढून डबा बाहेर घेतला. अक्षरं बघून विचारलं, हे त्याचं नाव का? मी म्हटलं, नाव आहे खरं. कोणाचं ते सांगितलं नाही. प्रत्येक घराण्याच्या काही गोष्टी घरातच राहाव्यात. खाली फाटकाशी हुइयानं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि बाटली आमच्यापुढे केली. आम्हीही धुतले. काही विचारावं लागलं नाही. आपल्याकडेही दाराशी पाण्याची बादली ठेवतातच की.

निघताना ती म्हणाली, “न्यायचा तर ने, ठेवायचा तर ठेव. पण त्याला मधल्यामधे लोंबकळत ठेवू नकोस. परत आणलास तर दिवसाउजेडी आण, फाटकातून. आणि या खेपेला आम्हाला कळेल अशा भाषेत सांग, तो कोण होता ते. शेजारी घ्यायचाय तर माहिती नको का आम्हाला?”

तर असे तुम्ही आठवडाभर टेबलावर आहात. मंजिरी विमानाचे दर बघत होती, मी तुमच्याभोवतीची धूळ पुसत होते. मी तिला काय सांगणार? तुझ्या बापाची शेवटची इच्छा, की तुझ्या मनाची शांती? दोन्ही पारड्यांत माझीच माणसं. तिनं नाशिकच म्हटलं असतं तर मी तुम्हाला तिच्या हातात दिलं असतं. रागवा हवं तर. जिवंत माणसाची लाइन आधी जोडायची, हा आमच्या खात्याचा नियम.

आज सकाळी टोस्टला लोणी लावता लावता ती थांबली.

“आई, मला लहानपणापासून त्या घोड्याचा राग होता.”

मी म्हटलं, मलाही.

“पण बाबांनी ओळखलं होतं गं. बॅरीनं नाही म्हटलं, त्या बाईंनी नाही म्हटलं, तू चेष्टा केलीस. नुसते दगड बघून त्यांनी ओळखलं, की इथे कोणाला तरी मायेनं पुरलंय.” मग टोस्टकडे बघतच म्हणाली, “त्यांना घोड्याजवळच ठेवूया. मी जन्मले तेव्हाही ते तिथेच होते, आणि फार खूश होते म्हणे.”

मी तिच्या टोस्टवर आणखी लोणी घातलं. ती एरवी लोण्यावरून माझ्यावर ओरडते, आज खाल्लं.

उद्या शनिवार. सकाळी आम्ही सगळे निघू, जावई आणि नातसुद्धा. दुपारभर मी हुइयाला सांगायचं इंग्रजी भाषण लिहीत बसले होते. “प्रेमळ पती” लिहिलं आणि खोडलं. तुम्हीच मागे वळून पाहिलं असतंत, कोणाबद्दल चाललंय म्हणून. “थोर संशोधक” लिहिलं, तेही खोडलं. तुमचं डोकं आधीच कमी चढलेलं नव्हतं. शेवटी दोनच वाक्यं उरली आहेत.

ती उद्या सगळ्यांसमोर, ताठ उभी राहून, स्पष्ट उच्चारात म्हणेन, हे माझं तुम्हाला वचन. “हा ढीग कोणाचं तरी थडगं आहे, असं माझे यजमान म्हणाले होते. त्यांचं बरोबर होतं आणि माझं चुकलं.” आपल्या सबंध संसारात हे तुम्ही माझ्या तोंडून ऐकलेलं नाही, म्हणून उद्या नीट लक्ष देऊन ऐका. एकदाच म्हणणार आहे. पुन्हा म्हणायला लावू नका.

बाकीचे सहा ढीग मंगळवारी डिगरनं काढले. मी बॅरीला फोन करून मुद्दाम विचारून घेतलं आहे. खाली काहीही निघालं नाही, नुसते दगड होते. तेही मी उद्या सांगणार आहे.

तुमचीच,
मालती